'समाजाची संमती' म्हणजे नेमकी कोणाची संमती?

स्त्रियांच्या हक्कांसाठी एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला, ही परदेशातून आणलेली नीती आहे, आपल्या मातीतली नाही. दुसरा, आपला देश लोकशाही आहे, इथले कायदे इथले लोक ठरवतील, जिनिव्हातल्या समित्या नाहीत. याशिवाय एक तिसरा आक्षेप असतो. तो आपल्याच कार्यकर्त्या मैत्रिणींकडून येतो, आणि मला तो पहिल्या दोहोंपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याने रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला त्या कराराचा काय उपयोग?

या तिन्ही आक्षेपांना एकत्रच उत्तर द्यावे लागेल असे मला वाटते. नीती हा तत्त्वज्ञांचा विषय, लोकशाही हा राजकारण्यांचा आणि आंतरराष्ट्रीय कायदा हा वकिलांचा, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. माझे म्हणणे असे आहे की या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. माझ्या आयुष्याचा नियम कोणी केला, आणि तो करताना मला विचारले होते का? हा प्रश्न कायद्याच्या शिबिरात अंगठा उठवणारी बाईही विचारते. तो समजायला जाडजूड ग्रंथ वाचावे लागत नाहीत.

आधी आपल्या सरकारने काय केले ते पाहू. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार, ज्याला आपण 'सीडॉ' म्हणून ओळखतो, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. भारताने ३० जुलै १९८० रोजी त्यावर सही केली. पण सही म्हणजे नुसता इरादा. करार बंधनकारक करणारी मान्यता द्यायला आपल्याला आणखी तेरा वर्षे लागली. ती ९ जुलै १९९३ रोजी दिली गेली, आणि देतानाही सरकारने काही गोष्टी राखून ठेवल्या. कराराचे कलम ५ (अ) म्हणते की स्त्रीला हलकी लेखणाऱ्या किंवा स्त्री-पुरुषांना ठराविक साच्यात बसवणाऱ्या रूढी बदलण्यासाठी राज्यसंस्थेने पावले उचलावीत. कलम १६ (१) विवाह आणि कुटुंबातील समानतेबद्दल आहे. या दोन्हींबाबत भारत सरकारने जाहीर केले की कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या आमच्या धोरणाला धरूनच ही कलमे आम्ही पाळू. विवाहाची नोंदणी सक्तीची करण्याबद्दल सरकार म्हणाले की तत्त्व आम्हाला पूर्ण मान्य आहे, पण इतक्या मोठ्या, नाना चालीरीतींच्या आणि कमीजास्त साक्षरतेच्या देशात ते व्यवहार्य नाही.

'पुढाकार' आणि 'संमती' हे दोन्ही शब्द लोकशाहीचे आहेत. ऐकायला ते चांगले वाटतात. कोणावर काही लादू नये, लोकांनी आपणहून बदलावे, याला कोण नाही म्हणेल? पण जरा थांबून विचारू या. समाजाचा पुढाकार म्हणजे कोणाचा पुढाकार? समाजाची संमती घ्यायची तर ती कोणाकडे मागायची? समाजात बायका मोजल्या जातात की नाहीत?

पुढाकाराचेच बोलायचे तर महाराष्ट्राला १८ एप्रिल १९६६ हा दिवस आठवायला हवा. त्या दिवशी मुंबईत हमीद दलवाईंच्या सोबतीने सात मुस्लिम स्त्रियांनी राज्य सरकारच्या दारात मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. सात जणी म्हणजे किती थोड्या, असे तेव्हाही म्हटले गेले असेल. पण त्या बाहेरून आलेल्या नव्हत्या. त्या त्याच समाजातल्या होत्या आणि त्यांनी पुढाकार घेतला होता. चार वर्षांनी, १९७० मध्ये, मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. तरीही १९९३ साली आपले सरकार जगाला सांगत होते की आम्ही समाजाच्या पुढाकाराची वाट पाहत आहोत. तोंडी तिहेरी तलाक घटनाबाह्य ठरायला २०१७ साल उजाडले, आणि तेही शायरा बानो आणि इतर स्त्रियांनी न्यायालयाचे दार ठोठावल्यामुळे. १९६६ ते २०१७, एकावन्न वर्षे.

हा केवळ मुस्लिम समाजाचा प्रश्न आहे असे समजून कोणी खुशीत डोके हलवू नये. हिंदू कोड बिलाला 'आमच्या धर्मात ढवळाढवळ' म्हणून विरोध झाला, तेव्हाही विरोध करणारे समाजाच्याच नावाने बोलत होते. ते बिल रखडले, आणि राजीनामा देताना डॉ. आंबेडकरांनी जी कारणे मांडली त्यांत १९५१ साली हे एक मोठे कारण होते. पुढे १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ साल आणि देशभरात २००५ साल लागले. आणि जे राजकारणी आज समान कायद्याची भाषा मोठ्याने बोलतात, त्यांच्यातल्या अनेकांना बाईच्या समतेपेक्षा अल्पसंख्याकांना धाक घालण्यातच अधिक रस असतो, हेही आपल्याला दिसते. २०१९ च्या कायद्याने तोंडी तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली, तेव्हा नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा प्रश्न स्त्री संघटनांनी विचारला. तो विचारणे म्हणजे तोंडी तलाकची बाजू घेणे नव्हे. बाईच्या नावाने कायदा करतानाही बाईला विचारले जात नाही, एवढेच त्यातून दिसते. समाजाचे पुढारी विचारत नाहीत आणि समाजाच्या विरोधातले पुढारीही विचारत नाहीत.

संमती म्हणजे काय याचा धडा खरे तर आपल्या चळवळीने फार लवकर, आणि फार मोठी किंमत मोजून, शिकला आहे. मथुरा प्रकरण आठवा. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा निष्कर्ष काढला गेला. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, हाच त्यांचा मुद्दा होता. १९८० मध्ये गावोगावी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेली बाई गप्प राहिली म्हणजे ती राजी होती असे म्हणता येत नाही, कारण 'नाही' म्हणण्याची मोकळीक जिथे नाही तिथे 'हो'ला अर्थ उरत नाही.

हाच नियम समाजाच्या संमतीला लावून पाहा. बाई आपल्या जातीच्या, धर्माच्या, घराच्या ताब्यात असते. बोलली तर माहेर तुटते, मुले दुरावतात, वाळीत टाकले जाते. जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. असा बहिष्कार डोक्यावर टांगलेला असताना बायका गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याचे नाव 'समाजाची संमती' असे ठेवले जाते. पोलीस ठाण्यातल्या गप्प राहण्याला आपण संमती मानले नाही. मग चार पंचांपुढच्या गप्प राहण्याला ती का मानावी?

इथे प्रश्न नीतीचा होतो. नीती परदेशातून आली असे म्हणणाऱ्यांनी ताराबाई शिंदे वाचाव्यात. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिले. एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्यावरून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा ताराबाईंनी साधा हिशेब मांडला. जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय? आणि असतील तर त्याला वेगळा न्याय का? त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी हीच कसोटी सांगितली होती. ज्या नियमाने तुम्ही वागता तो सर्वांसाठी नियम व्हावा असे तुम्हाला म्हणता येईल काय? म्हणता येत नसेल तर ती नीती नव्हे, ती सोय. ताराबाईंनी कांट वाचले असण्याचा प्रश्नच नाही. आपल्या घराच्या उंबऱ्याशी उभे राहूनच त्या या कसोटीपर्यंत आल्या.

कांट यांचा उल्लेख आणखी एका कारणाने करते. नीती, लोकशाही आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांची सांगड घालणारे म्हणून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. चिरंतन शांततेवरच्या १७९५ च्या निबंधात ते म्हणतात की युद्धाचा भार ज्यांना सोसावा लागतो त्या नागरिकांची संमती घेणे राज्यकर्त्याला भाग पडले, तर तो सहजासहजी युद्धाला उभा राहणार नाही. म्हणून देशात प्रजासत्ताक असावे, स्वतंत्र देशांचा संघ व्हावा आणि परक्या माणसालाही कुठल्याही भूमीवर किमान माणुसकीने वागवले जावे. विचार मोठा आहे, यात वाद नाही. पण दोनच वर्षांनी, १७९७ मध्ये, नागरिक कोण हे सांगताना त्याच कांट यांनी घरगडी, शिकाऊ कामगार आणि समस्त स्त्रिया यांना पूर्ण नागरिकत्वातून वगळले. म्हणजे युद्धाला संमती द्यायची ती पुरुषांनी. युद्धात नवरा, मुलगा गमावणाऱ्या आणि स्वतः लुटल्या जाणाऱ्या बाईने नव्हे. तत्त्व सर्वांसाठी, पण 'सर्व' या शब्दात बाई नाही. तत्त्वज्ञाच्या वहीत जे झाले तेच १९९३ साली आपल्या सरकारच्या कागदावर झाले.

आता लोकशाहीकडे येऊ. लोकशाही म्हणजे डोकी मोजणे, बहुसंख्यांना जे वाटते ते खरे, असे मानले तर जातपंचायतही लोकशाहीच ठरेल, कारण तिथे कित्येकदा एकमताने ठराव होतात! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आपल्या फार कामाच्या आहेत. एक, संवैधानिक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे. दुसरी, या मसुद्याने खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला आहे. या दुसऱ्या वाक्याचे वजन लक्षात घ्या. आपल्या राज्यघटनेचा घटक जात नाही, धर्म नाही, गाव नाही, कुटुंबसुद्धा नाही. घटक आहे एकटी व्यक्ती, आणि बाई ही व्यक्ती आहे. तसे असेल तर तिच्या हक्कांसाठी 'समाजाच्या संमती'ची अट घालणे हे आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत आहेच, पण त्याआधी ते आपल्याच घटनेशी विसंगत आहे. परकी नीती म्हणायची तर सीडॉला नको, त्या अटीलाच म्हणावे लागेल.

शिवाय ही अट घातली कोणी? आपल्या देशात आंतरराष्ट्रीय करार करण्याचे काम सरकारचे. त्याला संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असे नाही. अमलासाठी कायदा हवा असेल तेव्हा घटनेच्या २५३ व्या कलमाखाली संसद तो करू शकते. म्हणजे समाजाच्या संमतीची एवढी चाड असलेल्या राज्यव्यवस्थेत, ही अट लिहिताना देशातल्या निम्म्या लोकांची संमती घेण्याची कुठलीच सक्ती नव्हती. लोकशाहीच्या नावाने करारावर आक्षेप घेणाऱ्यांना मी हे आवर्जून विचारते.

उरला प्रश्न परकेपणाचा. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे पहिले कलम आधी 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल अशा इंग्रजी शब्दाने सुरू होत होते. तो शब्द काढून 'सर्व माणसे' असे व्हावे यासाठी भांडल्या त्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता. सुरतेत जन्मलेल्या, अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या आणि आपल्या घटना समितीत बसलेल्या या बाईला ठाऊक होते की 'पुरुष' म्हणजे माणूसच, असे गोड बोलून पुढे बाईला वगळतात. आयोगाच्या अध्यक्षा एलेनॉर रुझवेल्ट यांना आधी त्या शब्दात काही वावगे वाटत नव्हते. हंसाबेनना वाटले, आणि शब्द बदलला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये अठ्ठेचाळीस देशांनी बाजूने मत दिले, आठ तटस्थ राहिले, विरोधात एकही नव्हता. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या ओळीत आपल्या बाईचा हात आहे. तो आपल्याला परका कसा?

आता तिसरा आक्षेप. त्या बाईला काय उपयोग? राजस्थानात भंवरीदेवी नावाची साथिन सरकारच्याच कार्यक्रमात काम करत होती. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध त्या वेळी देशात कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने म्हटले की भारताने मान्य केलेला सीडॉ करार आणि घटनेतले मूलभूत हक्क एकत्र वाचता येतात, आणि कायदा होईपर्यंत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कायदा झाला. आज कचेरीत, कारखान्यात, शाळेत तक्रार समिती असते तिच्या मुळाशी खेड्यातल्या एका साथिनीचे धैर्य आहे, तसा तो करारही आहे. हेही विसरू नये की भंवरीला स्वतःला न्याय मिळाला नाही. कराराने तिच्या मागून येणाऱ्यांची वाट मोकळी केली, तिची नाही.

म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल मी भाबडी नाही. त्याच्यापाशी पोलीस नाहीत. अमेरिकेने १९८० मध्ये सीडॉवर सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही, आणि तोच देश इतरांना मानवी हक्क शिकवतो. अफगाण स्त्रियांच्या मुक्तीचे नाव घेऊन २००१ च्या युद्धाचे समर्थन केले गेले. अफगाणिस्तानने २००३ मध्ये हा करार एकही अट न घालता स्वीकारला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर सहावीपुढच्या मुलींची शाळा बंद झाली. नुसता कागद मुलींना शाळेत नेत नाही. पण त्याच कागदाच्या आधारे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी अफगाणिस्तानला जाब विचारण्याची प्रक्रिया सुरू केली, आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या दोन वरिष्ठ नेत्यांविरुद्ध स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढले. वॉरंट निघाले म्हणून उद्या शाळा उघडणार नाही. पण 'हा आमच्या समाजाचा खाजगी प्रश्न आहे' हे उत्तर आता त्या नेत्यांना पुरत नाही. तेच उत्तर आपल्या सरकारने १९९३ मध्ये अधिक सभ्य भाषेत दिले होते, हे आपण विसरू नये.

मग आपण काय करायचे? पहिली मागणी, कलम ५ (अ) आणि १६ बद्दलच्या या घोषणा मागे घ्या. विवाहनोंदणी व्यवहार्य नाही, ही सबब कधीच संपली आहे. महाराष्ट्राने १९९८ मध्ये त्याचा कायदा केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितले. दुसरी मागणी, सीडॉच्या ऐच्छिक मसुद्याला मान्यता द्या, म्हणजे देशात न्याय मिळाला नाही तर बाईला थेट समितीकडे तक्रार करता येईल. बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ यांनी ते कधीच केले आहे. तिसरी, विवाहांतर्गत बलात्काराला दिलेली सूट काढून टाका. २०१४ मध्ये सीडॉ समितीने भारताला हेच सांगितले होते, तरी जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती सूट जशीच्या तशी आहे. लग्न झाले म्हणजे संमती दिली, ती कायमचीच, असे हा कायदा मानतो. समाजात जन्मली म्हणजे समाजाच्या नियमांना संमती दिली, असे मानणारी घोषणा आणि हा कायदा या सख्ख्या बहिणी आहेत.

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपल्या हातातली आहे. हा करार मराठीत, सोप्या भाषेत, वस्तीत आणि गावात वाचला गेला पाहिजे. कुठे बचत गटाची बैठक असेल, कुठे महिला मंडळाची. तिथे कलम ५ वाचा आणि मग बायकांना विचारा, आपल्या घरातला, जातीतला, गावातला कोणता नियम तुम्हाला विचारून केला होता? यादी करा. ज्या नियमापुढे 'विचारले नव्हते' असे लिहिले जाईल, तो नियम समाजाच्या संमतीने झालेला नाही. मग तो कितीही जुना असो, कितीही पवित्र म्हणवला जावो. अशा शंभर गावांच्या याद्या घेऊन आपण सरकारकडे गेलो, तर 'समाजाचा पुढाकार कुठे आहे?' असे विचारण्याची सोय कोणाला उरणार नाही. पुढाकार टेबलावरच ठेवलेला असेल.